भादली बुद्रुकचा एक अर्ज: छाननीच्या टेबलावर अडलेला कायदा

३१ डिसेंबर २०२० या दिवशी महाराष्ट्रातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींसाठी आलेल्या उमेदवारी अर्जांची छाननी होती. जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकमध्येही ती झाली. तिथल्या एका प्रभागातली जागा सर्वसाधारण स्त्री प्रवर्गासाठी राखीव होती. त्या जागेसाठी अंजली गुरू संजना जान यांनी अर्ज भरला होता. वृत्तपत्रांत त्यांचं नाव अंजली पाटील असंही आलं. अर्जात त्यांनी स्वतःची नोंद स्त्री म्हणून केली होती. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी तो अर्ज बाद केला. कारण असं दिलं गेलं की अर्जदार तृतीयपंथी आहेत, जागा स्त्रियांसाठी राखीव आहे आणि तृतीयपंथीयांसाठी या निवडणुकीत एकही राखीव जागा नाही.

अर्जात खाडाखोड नव्हती, थकबाकी नव्हती, सूचकाच्या सहीचा घोळ नव्हता. ग्रामपंचायतीचे अर्ज एरवी बाद होतात ते अशा कारणांनी. इथे अर्ज बाद झाला तो अर्जदार कोण आहे यावरून. ते ठरवण्याचा अधिकार त्या टेबलापलीकडच्या माणसाला होता का, हा या प्रकरणाचा गाभा आहे.

दोन दिवसांनी, शनिवारी २ जानेवारी २०२१ ला, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी अर्ज बाद करण्याचा आदेश रद्द केला आणि अंजली यांना त्याच प्रभागातून, त्याच प्रवर्गातून उभं राहण्याची मुभा दिली. १५ जानेवारीला मतदान झालं, १८ ला मतमोजणी झाली आणि अंजली निवडून आल्या.

बहुतेक बातम्या इथे थांबल्या. अन्याय झाला, कोर्टाने दूर केला, गावाने निवडून दिलं. ही हकिगत खरी आहे आणि तिचा आनंदही खरा आहे. पण स्थानिक संस्थेला आणि तिच्या निवडणूक यंत्रणेला भेदभावाबद्दल जबाबदार कसं धरायचं, हे शिकायचं असेल तर या हकिगतीच्या सांध्यांकडे पाहावं लागतं. चूक कुणाची होती, ती कुणी निस्तरली आणि तिची किंमत कुणी मोजली, ही तीन उत्तरं इथे वेगवेगळी आहेत.

मुदतीचं गणित

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत वेळापत्रक हाच निम्मा कायदा असतो. त्या वर्षी अर्ज भरायचे होते २३ ते ३० डिसेंबरदरम्यान, छाननी ३१ ला, अर्ज मागे घेण्याची शेवटची तारीख ४ जानेवारी, आणि त्याच दिवशी चिन्हवाटप. म्हणजे गुरुवारी अर्ज बाद झालेल्या उमेदवाराकडे सोमवारी चिन्ह मिळण्याआधी फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार होते. त्यात एक दिवस वर्षाचा पहिला आणि एक साप्ताहिक सुट्टीचा.

‘खुल्या जागेवरून उभं राहायचं, तिथे कुणी अडवलं असतं?’ असा प्रश्न लोक सहज विचारतात. त्याचं सरळ उत्तर हे की ३१ तारखेला अर्ज बाद झाला तेव्हा नवा अर्ज भरायची मुदत आदल्याच दिवशी संपली होती. छाननीत गेलेला उमेदवार प्रवर्ग बदलून परत येऊ शकत नाही. आणि मुदत असती तरी प्रश्न संपत नव्हता, कारण एखाद्या स्त्रीला ‘तू स्त्री नाहीस, पण खुल्या जागेवर तुला कोण अडवतंय’ असं सांगणं ही सवलत नव्हे.

दुसरी अडचण संविधानाचीच. अनुच्छेद २४३-ओ प्रमाणे पंचायतीची निवडणूक आव्हानित करायची तर निवडणूक याचिकेनेच करता येते. महाराष्ट्रात ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १५ खाली ती निकालानंतर १५ दिवसांत दिवाणी न्यायालयात दाखल करायची असते. याचा व्यवहारातला अर्थ असा की आधी निवडणूक होऊ द्या, कुणीतरी दुसरं निवडून येऊ द्या, मग दाद मागा. तोवर तारखा पडत राहतात आणि पाच वर्षांच्या मुदतीतला बराच काळ निघून जातो. निवडणूक सुरू झाल्यावर उच्च न्यायालयं हात घालायला कचरतात, ते या तरतुदीमुळे. अर्थात हा बांध सर्वस्वी बंद नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये निवडणूक आयोग विरुद्ध अशोक कुमार या खटल्यात म्हटलं आहे की निवडणूक थांबवणारा हस्तक्षेप टाळावा, पण निवडणूक पुढे नेण्याला मदत करणारा हस्तक्षेप होऊ शकतो. बाद झालेला अर्ज चिन्हवाटपाआधी पुन्हा यादीत घेतला तर निवडणूक थांबत नाही, तिच्यातला एक उमेदवार वाढतो.

म्हणून तो शनिवार महत्त्वाचा. जळगावहून औरंगाबाद दीडशे किलोमीटरच्या आसपास. वकील गाठायचा, याचिका तयार करायची, शपथपत्र करायचं, आणि ज्या दिवशी सगळीकडे नव्या वर्षाच्या शुभेच्छा चालल्या आहेत त्या दिवशी हे उरकायचं. ज्या उमेदवाराला हे जमत नाही तिचा अर्ज बाद झालेलाच राहतो आणि ती गोष्ट कुठल्याही नोंदीत भेदभाव म्हणून येत नाही. बाद अर्जांच्या यादीत एक ओळ, एवढंच. असे किती अर्ज आजवर गेले असतील याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही, आणि भादलीच्या प्रकरणातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग माझ्या लेखी हाच आहे.

कटनीपासून भादलीपर्यंत

हा प्रश्न भादलीत पहिल्यांदा उभा राहिला नव्हता. मध्य प्रदेशातल्या कटनी शहराने १९९९ संपून २००० उजाडताना कमला जान यांना महापौर म्हणून निवडून दिलं. देशातल्या पहिल्या तृतीयपंथी महापौर म्हणून त्यांचं नाव गाजलं. पण पद स्त्रियांसाठी राखीव होतं. प्रतिस्पर्धी न्यायालयात गेले आणि निवड रद्द झाली. २००३ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ते कायम केलं. कारण हेच की कायद्याच्या नजरेत कमला जान पुरुष ठरतात आणि स्त्रियांच्या राखीव पदावर पुरुष बसू शकत नाही.

हजारो मतदारांनी दिलेला कौल त्या एका वर्गीकरणापुढे टिकला नाही. तेव्हाच्या न्यायालयासमोर दोनच रकाने होते, आणि कोणत्या रकान्यात जायचं हे त्या व्यक्तीला विचारायची पद्धत नव्हती.

कटनी आणि भादलीच्या मधे काय बदललं, ते पाहिलं की निकालाची बांधणी कळते. २००९ मध्ये भारताच्या निवडणूक आयोगाने मतदार यादीत ‘इतर’ हा पर्याय आणला. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्याचा निकाल दिला. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने (इंग्रजी आद्याक्षरांनी ‘नालसा’) दाखल केलेल्या या याचिकेत ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनीही आपली बाजू मांडली होती. न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती ए. के. सिक्री यांच्या खंडपीठाने सांगितलं की आपलं लिंग कोणतं हे ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचा आहे. ती स्वतःला स्त्री म्हणू शकते, पुरुष म्हणू शकते किंवा तिसरं लिंग म्हणू शकते, आणि केंद्राने व राज्यांनी त्याला कायदेशीर मान्यता द्यायची आहे. त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं न्यायालयाने बेकायदेशीर ठरवलं.

एक गोष्ट इथे लोकांच्या ध्यानात राहत नाही. नालसा म्हणजे ‘तिसऱ्या लिंगाला मान्यता’ एवढंच डोक्यात बसलं आहे. त्यामुळे पुष्कळ अधिकारी असं समजतात की तृतीयपंथी व्यक्तीची जागा आता तिसऱ्या रकान्यात, आणि स्त्री किंवा पुरुष या रकान्यांत ती शिरली तर घुसखोरी. निकाल नेमका याच्या उलट आहे. तिसरा रकाना हा हक्क आहे, सक्ती नाही. भादलीच्या टेबलावर झालेला घोटाळा इथला आहे. ‘तृतीयपंथी’ आणि ‘स्त्री’ या दोन ओळखी एकाच व्यक्तीच्या असू शकतात, हे त्या तर्कात बसत नव्हतं.

त्यानंतर तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९ आला आणि १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्याच्या कलम ४(२) मध्ये स्वतःला जाणवलेल्या लिंगओळखीचा हक्क लिहिलेला होता. कलम ३ मध्ये भेदभावाच्या बंदीची यादी होती. शिक्षण, नोकरी, उपचार, घर यांच्याबरोबर त्यात एक गोष्ट स्पष्ट शब्दांत होती: सार्वजनिक किंवा खाजगी पदासाठी उभं राहण्याची वा ते पद धारण करण्याची संधी नाकारणं. भादलीत जे घडलं ते या यादीत जसंच्या तसं बसतं.

शनिवारचा निकाल

निकाल लांबलचक नाही. न्यायालयाने नालसा आणि २०१९ च्या कायद्याचं कलम ४(२) यांवर बोट ठेवलं. अंजली यांनी आपली ओळख स्त्री म्हणून निवडली आहे, तसा त्यांना हक्क आहे, तेव्हा स्त्रियांसाठी राखीव जागेवर त्यांचा अर्ज नाकारता येत नाही, असा सरळ मार्ग काढला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांवर ताशेरे मारले नाहीत. त्यांच्यापुढे कायद्याची पुरेशी माहिती नसावी, अशा अर्थाची नोंद केली.

इथवर सगळं स्वागतार्ह. कटनीच्या महापौरांना जे मिळालं नाही ते भादलीच्या उमेदवाराला अठ्ठेचाळीस तासांत मिळालं. जागा लहान होती, पण त्यामुळे निकाल लहान होत नाही, कारण महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्या निम्म्या जागांचं दार ट्रान्स स्त्रियांना उघडं आहे की बंद, हा प्रश्न त्या एका प्रभागात सुटला.

मात्र निकालात आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्यावर पुरेशी चर्चा झाली नाही. अंजली यांच्या वतीने न्यायालयात एक गंभीर निवेदन करण्यात आलं आणि ते नोंदवून घेण्यात आलं. आयुष्यात यापुढे संधी पाहून आपण पुरुष ही ओळख घेणार नाही, कायम स्त्री ही ओळखच ठेवू. याला अपवाद एकच, सार्वजनिक जीवनात तृतीयपंथीयांसाठी आरक्षण आलं तर.

हमी कुणी द्यायची?

या निवेदनामागची भीती समजून घ्यायला हवी. राखीव जागांवर डोळा ठेवून उद्या एखादा पुरुष ‘मी स्त्री आहे’ असं सांगून अर्ज भरेल, अशी शंका कोर्टात, कचेरीत, चावडीवर सगळीकडे असते. शनिवारी ऐकलेल्या तातडीच्या याचिकेत न्यायालयाला ती शंका तिथल्या तिथे मिटवायची होती. हमीमुळे ते झालं. विरोधकांच्या हातातलं एक हत्यार निघून गेलं, आणि आरक्षणाचा अपवाद ठेवल्याने पुढच्या मागणीचा रस्ताही खुला राहिला. अंजली यांच्या बाजूने पाहिलं तर त्या दिवशी, त्या मुदतीत, हे निवेदन देणं शहाणपणाचंच होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही दिलं असतं.

तरीही तत्त्व म्हणून ते मला खटकतं. त्याच प्रभागातल्या, त्याच राखीव जागेवरच्या दुसऱ्या कुणाही उमेदवाराला आयुष्यभराची कसलीच हमी मागितली गेली नाही. हक्क कायद्याने दिलेला असेल तर तो वापरण्याआधी चारित्र्याची ग्वाही कशाला? आणि चूक यंत्रणेची होती. यंत्रणेने ‘पुन्हा असं होणार नाही’ असं सांगायला हवं होतं. ते निवेदन कुठे नाही, आणि जिच्यावर अन्याय झाला तिचं मात्र नोंदवलेलं आहे.

शिवाय स्त्रियांच्या राखीव जागांचा गैरवापर महाराष्ट्रात कसा होतो हे आपल्याला पुरेपूर ठाऊक आहे. त्यासाठी कुणी पुरुष लिंगओळख बदलत नाही. तो बायकोच्या, सुनेच्या किंवा आईच्या नावाने अर्ज भरतो, तिला सहीपुरती खुर्चीवर बसवतो आणि ग्रामसभेत स्वतः बोलतो. ‘सरपंचपती’ हा शब्द गावोगाव उगीच रूढ झालेला नाही. माझ्या जागेवर माझा नवरा कारभार करणार नाही, असं प्रतिज्ञापत्र छाननीच्या दिवशी कुणी मागत नाही. जो गैरवापर रोज डोळ्यांसमोर चालतो त्याला हमी नको, आणि जो अजून कुणी केलेला दिसत नाही त्याच्यासाठी एका तृतीयपंथी स्त्रीने जन्माची हमी द्यायची. याला समान वागणूक म्हणता येत नाही.

यातून पुढचा धोकाही आहे. एखादा अधिकारी उद्या हाच निकाल पुढे करून म्हणू शकतो की तृतीयपंथी उमेदवाराने असं प्रतिज्ञापत्र दिल्याशिवाय अर्ज स्वीकारता येणार नाही. निकाल तसं सांगत नाही. त्याचा पाया कलम ४(२) आणि नालसा आहे, हमी हा त्या एका प्रकरणातला भाग आहे. वकिलांनी आणि कार्यकर्त्यांनी हा फरक छाननीच्या टेबलावर ठामपणे मांडायला हवा.

अधिकाऱ्याचं अज्ञान की यंत्रणेचं?

ग्रामपंचायतीचा निवडणूक निर्णय अधिकारी म्हणजे मोठा हुद्देदार नसतो. महसूल किंवा पंचायत समितीतला एखादा कर्मचारी त्या पंधरवड्यापुरता या कामाला लावलेला असतो. त्याच्याकडे अनेक गावं, शेकडो अर्ज, आणि एका दिवसात छाननी. दोन्हीकडच्या लोकांची गर्दी दाराशी उभी असते. चुकीचा अर्ज स्वीकारला तर चौकशी, बरोबर अर्ज नाकारला तर फार तर कोर्टाचा आदेश. अशा वेळी माणूस हातातल्या पुस्तिकेत आणि परिपत्रकात जे आहे त्याला धरून चालतो. जे नाही ते ‘नियमात बसत नाही’ म्हणून बाजूला ठेवतो. न्यायालयाने त्याच्याबद्दल सौम्य सूर लावला, तो मला योग्य वाटतो.

पण अधिकाऱ्याला माहीत नव्हतं असं मान्य केलं की पुढचा प्रश्न विचारावाच लागतो: त्याला सांगायचं काम कुणाचं होतं? नालसाला साडेसहा वर्षांहून अधिक काळ झाला होता. २०१९ चा कायदा लागू होऊन वर्ष पुरं होत आलं होतं. नियम २५ सप्टेंबर २०२० ला अधिसूचित झाले होते. प्रमाणपत्रांचं राष्ट्रीय पोर्टल नोव्हेंबरात सुरू झालं होतं. महाराष्ट्राने तृतीयपंथीयांसाठी कल्याण मंडळ त्याच वर्षी स्थापन केलं होतं. म्हणजे दिल्लीत, मुंबईत, सामाजिक न्याय विभागात कागद तयार होते. जळगाव तालुक्यातल्या छाननीच्या टेबलावर मात्र त्यातलं काही पोचलं नव्हतं.

पंचायतींच्या निवडणुकांची देखरेख राज्य निवडणूक आयोगाकडे असते. अधिकाऱ्यांना सूचना देणं हे त्याचं नेहमीचं काम. आणि आयोगाला हे जमत नाही असंही नाही. याच निवडणुकीत ऑनलाइन अर्ज भरताना सर्व्हर अडला, लोकांची ओरड झाली, तेव्हा आयोगाने शेवटच्या दिवशी पारंपरिक पद्धतीने, कागदावर अर्ज घ्यायला राज्यभर परवानगी दिली. एक सूचना निघाली आणि ती गावागावात पाळली गेली. तृतीयपंथी उमेदवाराची स्वतः सांगितलेली लिंगओळख मान्य करा, ही सूचना त्याहून किचकट नव्हती. फक्त तिच्यासाठी ओरड करणारे थोडे होते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ‘इतर’ लिंगाखाली ४०,८९१ जणांची नोंद झाली होती. ती अपुरी आहे असं समाजातले लोक सांगतात. ती पुरी धरली तरी इतके नागरिक एका सूचनेच्या मोलाचे नाहीत का?

कायद्यातली एक फटही इथे उघडी पडते. कलम ३ भेदभावाला मनाई करतं, त्यात पदासाठी उभं राहण्याची संधी नाकारणंही येतं. पण शिक्षा सांगणाऱ्या कलम १८ मध्ये सक्तीचं काम, सार्वजनिक जागेचा वापर नाकारणं, घरातून वा गावातून हाकलणं, मारहाण, छळ अशा गोष्टी होत्या. उमेदवारी नाकारणं त्यात नव्हतं. मनाई आहे आणि तिच्यामागे दंड नाही, अशा हक्काचं रक्षण शेवटी रिट याचिकेनेच करावं लागतं, आणि रिट याचिका म्हणजे वकील, प्रवास, पैसा आणि धीर. हा सगळा भार तक्रार करणाऱ्यावर पडतो. अर्ज चुकीने बाद करणाऱ्या यंत्रणेला वेळापत्रकाशिवाय कशाचीच चिंता नसते.

मतदारांचं काय?

याबद्दल थोडंच सांगण्यासारखं आहे, कारण मतदारांनी या प्रकरणात अडचण केलीच नाही. भादलीने अंजली यांना निवडून दिलं. त्याआधी ऑक्टोबर २०१७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने ज्ञानेश्वर कांबळे यांना सरपंच केलं होतं. छत्तीसगडच्या रायगडमध्ये जानेवारी २०१५ ला मधू किन्नर अपक्ष उभ्या राहून महापौर झाल्या. कटनीही आठवावी. ‘समाज अजून तयार नाही’ हे वाक्य सरकारी बैठकांत वारंवार ऐकू येतं. या चार ठिकाणी समाज मतपेटीपाशी तयार होता. तयारी नव्हती ती कागद तपासणाऱ्यांची.

जळगाव जिल्ह्यापुरतं सांगायचं तर गोष्ट तिथे थांबली नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीसाठी वंचित बहुजन आघाडीने याच जिल्ह्यातल्या रावेर मतदारसंघातून शमिभा पाटील या तृतीयपंथी कार्यकर्तीची उमेदवारी जाहीर केली, तीही पहिल्याच यादीत.

पंचायतीला जाब कसा विचारायचा

निवडणुकीचा टप्पा संपला की प्रश्न खुद्द पंचायतीकडे वळतो, आणि तिथे २०१९ च्या कायद्यातला एक भाग कामाचा आहे जो फारसा वापरला जात नाही. या कायद्यातल्या ‘आस्थापना’ या व्याख्येत स्थानिक प्राधिकरणंही येतात, म्हणजे ग्रामपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका. अशा प्रत्येक आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमायचा असतो. २०२० च्या नियमांप्रमाणे समान संधीचं धोरण जाहीर करायचं असतं, आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत तृतीयपंथी संरक्षण कक्ष असायला हवा.

यातलं काय अस्तित्वात आहे ते शोधायला कोर्टात जावं लागत नाही. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज पुरतो. ग्रामपंचायतीच्या किंवा पालिकेच्या जनमाहिती अधिकाऱ्याला विचारायचं: तक्रार अधिकारी कोण, कोणत्या तारखेच्या आदेशाने नेमला, समान संधी धोरणाची प्रत द्या, आजवर किती तक्रारी आल्या आणि त्यांचं काय झालं. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ‘नेमणूक झालेली नाही’ असं उत्तर आलं तर तोच पुरावा. तो घेऊन गटविकास अधिकाऱ्याकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे, कल्याण मंडळाकडे जाता येतं, आणि पुढे याचिका करायची वेळ आली तर हातात संस्थेच्या सहीशिक्क्याचा कागद असतो. मनात आणलं तर स्थानिक संस्था पुष्कळ करू शकतात. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षकांच्या कामावर घेतलं, तेव्हा कुठल्या न्यायालयाने तिला भाग पाडलं नव्हतं.

आता पुढच्या उमेदवारासाठी. अधिसूचना निघाल्याबरोबर, अर्ज भरण्याआधीच, जिल्हाधिकारी आणि राज्य निवडणूक आयोगाला लेखी पत्र द्यावं: मी अमुक प्रवर्गातून अर्ज भरणार आहे, माझी लिंगओळख ही आहे, २ जानेवारी २०२१ चा औरंगाबाद खंडपीठाचा निकाल सोबत जोडला आहे, छाननी अधिकाऱ्यांना तशी सूचना द्यावी. पोच घ्यावी. छाननीला स्वतः हजर राहावं, बरोबर निकालाची आणि त्या दिवशी लागू असलेल्या कायद्याच्या मजकुराची प्रत असावी. हरकत आलीच तर तोंडी वाद न घालता लेखी उत्तर द्यावं आणि अर्ज बाद झाला तर कारणांसह आदेशाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागावी, कारण त्या कागदाशिवाय उच्च न्यायालयात पाऊल टाकता येत नाही. वकीलपत्रावर सही छाननीच्या आदल्या दिवशीच करून ठेवावी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्जही त्याआधीच द्यावा. छाननी आणि चिन्हवाटप यांच्यामधे पुढच्या वेळीही तीन-चार दिवसच असतील, आणि त्यात एखादा रविवार येणारच.